सिस्टिम्स थिंकिंगचा पाया नक्की काय आहे, आणि तो पुन्हा घालायला हवा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इंजिनिअरिंग झालंय, आता सिस्टिम्स थिंकिंगमध्ये (म्हणजे कंपनी, शहर असल्या गुंतलेल्या गोष्टी त्यांच्या भागांच्या एकमेकांवरच्या परिणामांतून समजून घ्यायची शाखा) मास्टर्स करायचं डोक्यात आहे, पण प्रत्येक पुस्तक वेगळंच काहीतरी सांगतंय, एकात गणित आहे तर दुसऱ्यात नुसती गोलगोल बाणांची चित्रं, आणि आता काही जण म्हणतायत की या शाखेचा उद्देशच नव्यानं ठरवायला हवा, तर पाया नक्की कुठला आणि खरंच काही बिघडलंय का. मास्टर्सचं शेवटी बघू, बहुतेक राहूनच जाईल. पायाबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण त्या पायापायी मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, आणि माझ्यापेक्षा जास्त दुसरेच आपटलेत.

आधी मत सांगतो. जवळपास सगळी पुस्तकं पहिल्या प्रकरणात म्हणतात की समग्र बघा, सुटे भाग बघू नका. मला आता हे वाक्य ऐकलं की शिसारी येते. समग्र कुणी बघत नाही हो. प्रत्येक जण कुठंतरी रेघ मारतो, रेघेच्या आतलं बघतो आणि त्यालाच समग्र म्हणतो. ती रेघ कुणी मारली, कुणाच्या सोयीनं मारली आणि बाहेर कोण राहिलं, इथून या शाखेची सुरुवात व्हायला हवी होती. फीडबॅक (परिणाम फिरून कारणावरच येणं), डिले (कारण आणि परिणामातला उशीर), लिव्हरेज पॉइंट (थोड्या बदलानं मोठा फरक पडतो ती जागा) हे सगळं नंतरचं.

आता किस्सा. लांबेल, चालवून घ्या.

मी एका कंपनीत होतो, नाव घेत नाही. धंदा असा की मोठी मशीनं विकायची आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट चालवायचं. खरी कमाई कॉन्ट्रॅक्टमध्ये. सर्व्हिसचे हेड वैतागलेले होते रिपीट कॉलवरून. टेक्निशियन जातो, दुरुस्त करून सही घेऊन येतो, तीन आठवड्यांत त्याच मशीनचा कॉल परत, दहातले चार कॉल असे. मी नुकताच सिस्टिम डायनॅमिक्स, म्हणजे साठे (स्टॉक) आणि त्यात येणारे-जाणारे प्रवाह (फ्लो) यांची गणिती मॉडेलं करणं, शिकून आलो होतो, ज्यांच्याकडं शिकलो ते सरच सल्लागार म्हणून या कामावर होते, आणि मला वाटलं हे तर पुस्तकातलंच उदाहरण आहे. पेंडिंग वाढलं की दबाव वाढतो, दबावाखाली माणूस काम उरकतो, उरकलेलं काम परत येतं, परत आलं की पेंडिंग अजून वाढतं. रीवर्क लूप. हा लूप ज्यानं एकदा शिकलाय त्याला तो सगळीकडं दिसायला लागतो, आणि हीच पहिली धोक्याची खूण असते, पण तेव्हा ते कळत नाही.

मॉडेल बांधलं. पेंडिंग कॉलचा एक चौकोन, टेक्निशियनचा एक चौकोन, त्यात आकडा ४६. डावीकडून भरती आत, उजवीकडून ॲट्रिशन, म्हणजे नोकरीतून जाणारी माणसं, बाहेर, आणि दोन्ही टोकांना ढग. ढग तुम्हाला माहीत असेलच, स्टॉक-फ्लोच्या चित्रात जे हद्दीबाहेरून येतं किंवा हद्दीबाहेर जातं त्याच्या टोकाला काढतात, म्हणजे यापलीकडचं आपण बघणार नाही एवढाच त्याचा अर्थ. मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवर मॉडेलच्या आलेखाची रेघ इतकी चपखल बसली की मी तिची प्रिंट काढून टेबलाशी चिकटवली होती. (बसणारच होती. काम परत येण्याचं प्रमाण मी त्याच आकड्यांवरून बसवलं होतं. मग रेघ न बसून सांगते कुणाला.)

उत्तर आलं की रोजचं सात व्हिजिटचं टार्गेट पाचवर आणा, पहिले अडीच महिने पेंडिंग वाढेल, घाबरू नका, मग रिपीट कमी होऊन गाडी रुळावर येईल. हेडनी मान्य केलं. मी स्वतः टेक्निशियनची सेशन्स घेतली, मशीन पूर्ण उघडा, मूळ कारण शोधा, एकाच फेरीत संपवून या. आणि रिपीट कॉल कमी झाले! हे नीट लक्षात घ्या. दहातले चार होते ते तीनच्या खाली आले. मॉडेल चुकलं नव्हतं. मी अक्षरशः हवेत होतो.

वर्ष संपताना चार टेक्निशियनची कॉन्ट्रॅक्टं पुढं वाढवली नाहीत. कारण काय तर कामगिरी कमी. कामगिरी कशावर मोजली तर सही घेतलेल्या सर्व्हिस रिपोर्टच्या संख्येवर. आणि हे चौघं कोण तर ज्यांनी माझं सगळ्यात मनापासून ऐकलं होतं ते. टार्गेट पाचवर आलं होतं पण एचआरच्या शीटमध्ये ते कुणी बदललंच नव्हतं, आणि एचआरची शीट आहे हेच मला ठाऊक नव्हतं, कारण ती माझ्या रेघेच्या बाहेर होती.

पण खरी गोष्ट याच्याही खाली होती. डिस्पॅचला एक मॅडम होत्या, रोजचे कॉल वाटून द्यायच्या. वर्षभर मी त्यांच्याकडं डेटा न्यायला जायचो. हे चौघं गेल्यावर एकदा असाच जाऊन बसलो तर त्यांनी स्वतःची वही काढून दाखवली. कितीतरी कॉलपुढं बारीक फुली. म्हणाल्या, "सर, तुम्ही ज्यांना रिपीट म्हणता ना, त्यातले निम्मे ठेवलेले असतात. कॉन्ट्रॅक्ट संपायला तीन महिने राहिले की सेल्सकडून यादी येते. मग पोरं एखादं बारीक काम मुद्दाम पुढच्या फेरीला ठेवतात." म्हणजे रिन्यूअलच्या वेळी सेल्सवाला सह्यांचा गठ्ठा ग्राहकापुढं ठेवणार, बघा आमचा माणूस किती वेळा येऊन गेला. मशीनच्या आत काय झालंय ते ग्राहकाला दिसत नाही, गठ्ठा दिसतो. मी ज्याला गळती म्हणून मॉडेलमध्ये लाल रंग दिला होता ती दुसऱ्या खात्याची कमाई होती. मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत. तर म्हणाल्या, तुम्ही किती ते विचारत होतात, कशासाठी ते कधी विचारलं नाहीत.

ब्रिटिश मॅनेजमेंट विचारवंत स्टॅफर्ड बियर म्हणायचे की सिस्टिमचा उद्देश म्हणजे ती प्रत्यक्षात जे करते ते. लोक हे वाक्य टी-शर्टवर छापल्यासारखं वापरतात. मला ते पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी वर्षभर मी हेडनी सांगितलेला उद्देश हाच सिस्टिमचा उद्देश धरून बसलो होतो.

तर आता सर. आमचं भांडण इथून सुरू झालं आणि आजतागायत मिटलेलं नाही. सरांचं म्हणणं, तुझी बाउंडरी, म्हणजे तीच रेघ, लहान पडली, सेल्स आणि एचआर आत घ्यायला हवे होते. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मग सेल्स घेतला तर स्पर्धक का नको, ग्राहकाचं बजेट का नको, ती पोरं घरी गेल्यावर त्यांचं काय होतं ते का नको? सिस्टिम डायनॅमिक्सचे जनक जे फॉरेस्टर असेच वाढवत वाढवत १९७१ मध्ये अख्ख्या जगाच्या मॉडेलपर्यंत गेले, आणि तिथंही काय घ्यायचं काय सोडायचं यावर भांडणं झालीच. सर म्हणतात, प्रश्नाला लागेल तेवढंच घ्यायचं, सिस्टिमचं मॉडेल करायचं नसतं, प्रॉब्लेमचं करायचं असतं. ही त्या परंपरेतली जुनी आणि शहाणी शिकवण आहे, मान्य. पण सर, कुणाचा प्रॉब्लेम? "रिपीट कॉल कमी कसे करायचे" हा हेडचा प्रॉब्लेम होता. टेक्निशियनचा प्रॉब्लेम "काम नीट करूनही नोकरी कशी टिकवायची" हा होता. तेच आकडे, तीच माणसं, पण या दुसऱ्या प्रश्नावरून मॉडेल काढायला बसलात तर एकही चौकोन तोच राहत नाही. आणि पहिला प्रश्न का निवडला गेला? कारण पैसे देणाऱ्यानं तो विचारला. शाखेच्या पायात हे भगदाड आहे, आणि बाउंडरी मोठी करून ते बुजत नाही.

फॉरेस्टरना नावं ठेवतोय असं समजू नका, त्या माणसाबद्दल मला आदर आहे. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकन कंपनीच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कामगारांची संख्या सारखी वरखाली व्हायची, सगळे बाजाराला दोष द्यायचे, आणि यांनी वहीच्या कागदावर हातानं आकडेमोड करून दाखवलं की मागणी स्थिर धरली तरी कंपनीच्या स्वतःच्या ऑर्डर देण्याच्या आणि भरतीच्या पद्धतीमुळंच हेलकावे येतात. १९६१ च्या त्यांच्या 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' पुस्तकाच्या मुळाशी हे आहे, आणि ते आजही सोन्यासारखं आहे. पण १९६९ चं त्यांचं 'अर्बन डायनॅमिक्स' पुस्तक बघा. शहराचं मॉडेल, बॉस्टनच्या माजी महापौरांशी चर्चा करकरून बांधलेलं. निष्कर्ष असा की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधणं शहराला उलट बाधतं. गदारोळ झाला. टीकाकारांनी एक साधी गोष्ट दाखवली की मॉडेलमध्ये उपनगरं नाहीतच, शहराबाहेर म्हणजे नुसतं अमर्याद 'एन्व्हायर्नमेंट', गरीब माणूस शहर सोडून गेला की तो हिशोबातूनच नाहीसा. शहर सुधारलं, पण तो माणूस कुठं सुधारला का बिघडला हे मॉडेल सांगतच नाही.

ढग. परत ढगच. माझे चौघं ज्या बाणावरून गेले त्यावर मी माझ्या हातानं 'ॲट्रिशन' लिहिलं होतं.

हे असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं. १९५४ मध्ये बर्टालन्फी हे जीवशास्त्रज्ञ, बोल्डिंग अर्थशास्त्रज्ञ, रापोपोर्ट गणितज्ञ आणि जेरार्ड शरीरशास्त्रज्ञ अशा चौघांनी जनरल सिस्टिम थिअरीसाठी संस्था काढायचं ठरवलं. स्वप्न काय तर वेगवेगळ्या विज्ञानांत तेच तेच नियम वेगळ्या कपड्यांत दिसतात, ते एका जागी आणू. सुंदर स्वप्न होतं. तिथं सिस्टिम ही बाहेर असलेली वस्तू, पेशीसारखी, आपण फक्त बघायची. पेशीला कातडी असते, तिची हद्द तीच दाखवते. सर्व्हिस डिपार्टमेंटला कातडी नसते! मूळ कल्पना जीवशास्त्रातून आली आणि हद्द आपोआप दिसते ही समजूत पण तिच्याबरोबर फुकटात आली, असं माझं मत आहे. बोल्डिंगना धोका दिसला होता बहुधा, १९५६ च्या लेखात त्यांनी म्हटलंय की अर्थ नसलेला तपशील आणि आशय नसलेला सर्वसाधारण सिद्धांत यांच्या मधे कुठंतरी आपली जागा शोधायचीय. आज कार्यशाळांमध्ये जे विकलं जातं ते बहुतेक दुसऱ्या टोकाचं, सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे वगैरे. हे सांगायला मास्टर्स कशाला लागतं.

हद्द आपोआप दिसते ही समजूत मोडली ती ब्रिटिश प्राध्यापक पीटर चेकलँडनी. माणूस आयसीआय या रसायन कंपनीत पंधराएक वर्षं काम करून लँकेस्टर विद्यापीठात आलेला, सिस्टिम्स इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या प्रश्नांना लावून बघितलं, आणि अडलं कुठं तर उद्दिष्ट काय यावरच माणसांचं एकमत नसतं. त्यांचं नेहमीचं उदाहरण तुरुंगाचं. तोच तुरुंग, कुणी म्हणेल शिक्षा देणारी सिस्टिम, कुणी म्हणेल सुधारणारी, कुणी म्हणेल गुन्हेगारांना गुन्हे शिकवणारी. तिन्ही चित्रं काढता येतात. म्हणजे सिस्टिम ही जगात नाही, चौकशी करायच्या आपल्या पद्धतीत आहे. १९८१ चं त्यांचं पुस्तक जड आहे पण वाचाच. माझी तक्रार एवढीच की त्यांची पद्धत सगळ्यांना एका खोलीत बसवून दृष्टिकोन मांडायला लावते, आणि खोलीत साहेब असला की खालच्या माणसाचा दृष्टिकोन काय असतो? "सर म्हणतात तेच." डिस्पॅचच्या मॅडम त्या खोलीत फुलीबद्दल बोलल्या असत्या असं वाटतं का तुम्हाला? ही टीका माझी एकट्याची नाही, सिस्टिम्सचेच अभ्यासक माइक जॅक्सन आणि त्या वळणाच्या लोकांनी ती फार आधी केलीय.

मग राहतात अमेरिकन तत्त्वज्ञ आणि सिस्टिम्स विचारवंत चर्चमन आणि त्यांचे विद्यार्थी वेर्नर उलरिख. माझ्या मते शाखेचा नवा पाया घालायचा तर इथं. उलरिखनी १९८३ मध्ये बारा प्रश्न दिले. हे कुणाच्या फायद्यासाठी चाललंय, यश कशानं मोजणार, निर्णय कुणाच्या हातात, कुणाला जाणकार धरलंय, आणि ज्यांना झळ लागणार पण ज्यांना विचारलेलं नाही त्यांच्या वतीनं साक्ष कोण देणार, असे. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, आज काय आहे आणि काय असायला हवं. बस. गणित नाही, सॉफ्टवेअर नाही. आमच्या कामात यातला यश-कशानं-मोजणार हा एक प्रश्न जरी मी टेक्निशियनना विचारला असता तरी एचआरची शीट दहा मिनिटांत टेबलावर आली असती. मी हे सरांना म्हणालो तर सर म्हणाले, मग तू मॉडेल करू नको, सभा घे. याला चिडून उत्तर दिलं तेव्हा, आता शांतपणे देतो. मॉडेल करायचंच. पण मॉडेलबरोबर ढगांची यादी द्यायची, प्रत्येक ढगात कोण जातं, त्याला विचारलं का, नसेल तर का नाही, आणि ती यादी पहिल्या पानावर, परिशिष्टात नाही. शाखेचा उद्देश मला विचाराल तर हा आहे, रेघ मारणाऱ्याला रेघेचा जाब देता आला पाहिजे. समग्र दर्शनाचं काम संतांकडं राहू द्या.

आता एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. एक म्हणजे जिथं उद्देशावर खरंच भांडण नाही, साठा-पुरवठा, पाण्याची टाकी, साथ कशी पसरते, तिथं रेघेबद्दल रडत बसू नका, गणित करा, डिले मोजा, उत्तर मिळतं. जॅक्सन आणि कीज यांनी १९८४ मध्ये अशी सोय करूनच दिलीय, आधी बघा लोक एकमताचे आहेत का भिन्न मतांचे, प्रश्न साधा आहे का गुंतागुंतीचा, मग पद्धत निवडा. सत्तेच्या जोरावर गप्प बसवलेल्या लोकांचा रकाना नंतर जोडला गेला. अडचण एवढीच की बाहेरून एकमत आणि गप्प बसवलेलं एकमत अगदी सारखं दिसतं, आमच्याकडंही एकमतच होतं! दुसरं म्हणजे उलरिखचे प्रश्न विचारले म्हणून उत्तरं देणारा खरं बोलेलच असं नाही. तिसरं, सेल्सवाल्यांना मी वर खलनायक केलंय असं वाचताना वाटलं, तसं नाही, रिन्यूअल गेलं असतं तर ४६ चे ३० झाले असते, त्यांच्या बाजूनं तो गठ्ठा म्हणजे सगळ्यांचं पोटच होतं. त्यांनाही मी विचारलं नव्हतंच.

मास्टर्सबद्दल. कोर्स निवडताना अभ्यासक्रमात बाउंडरीवर एखादा तास आहे की अख्खा विषय आहे ते बघा, आणि शिकवणाऱ्याला त्याचं फसलेलं काम विचारा. सांगितलं नाही तर दुसरीकडं जा. याहून जास्त मला सांगता येणार नाही, मी मास्टर्स केलेलं नाही, सरांकडं दोन वर्षं शिकलो तेवढंच.

सर आता कार्यशाळा घेतात आणि माझं ते चित्र, नाव काढून, त्यांच्या स्लाइडवर आहे, "लहान बाउंडरीचा परिणाम" म्हणून. सुधारलेल्या चित्रात सेल्स आहे, एचआर आहे, चौकोन सोळाचे सव्वीस झालेत. उजवीकडचा ढग तसाच आहे. मी दोनदा मेल करून सांगितलं, उत्तर नाही. पण पूर्ण खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं की त्या चौघांपैकी दोघांना नंतर दुसरीकडं काम लावून दिलं ते सरांनी, स्वतः फोन फिरवून. मी तोपर्यंत हा सगळा मुद्दा नीट मांडणारं टिपण लिहीत बसलो होतो.